फ्रॉइडने मरताना देवाचं नाव घेतलं नव्हतं

गेले चार दिवस नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय: 'नास्तिक फ्रॉइड सी. एस. लुईससमोर हरला, मरताना त्याने देवाचं नाव घेतलं. सत्यघटनेवर सिनेमा आलाय. मानसोपचारवाल्यांचा गुरूच श्रद्धेकडे वळला, मग गोळ्या आणि समुपदेशन कशाला?' मी सोडून दिलं असतं. पण मावशीने ते वाचून माझ्या मावसबहिणीच्या गोळ्या उचलल्या आणि देवघराच्या खणात, वातींच्या डब्यामागे ठेवल्या. दोन रात्री पोरीच्या डोळ्याला डोळा नाही.

म्हणून आधी गोळ्यांचं. श्रद्धा असेल तर उपचार नकोत, असं लुईस, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिणारा तो लेखक, तरी म्हणतो का? मुळीच नाही. 'मिअर ख्रिश्चॅनिटी' या पुस्तकात त्याने मनोविश्लेषणावर, म्हणजे रुग्णाशी बोलून मनाचे आजार बरे करायच्या फ्रॉइडच्या पद्धतीवर, अख्खं प्रकरण लिहिलंय. फ्रॉइडचं तत्त्वज्ञान त्याला अमान्य आहे. पण मनोविश्लेषण ही उपचारपद्धती वेगळी, तिचा ख्रिस्ती धर्माशी काहीही विरोध नाही, असं तो स्वच्छ लिहितो. रुग्ण बरे करण्याबद्दल फ्रॉइड बोलतो तेव्हा तो त्या विषयातला तज्ज्ञ असतो, हेही लुईसचंच म्हणणं. ज्याच्या नावाने गोळ्या बंद करायला सांगताय त्याचं हे मत आहे! मावशी स्वतः बीपीची गोळी घेऊनच पूजेला बसते. त्याने तिची श्रद्धा कमी झाली का? आणि मनावरच्या गोळ्या अशा एकाएकी थांबवल्या की त्रास होतो, ते डॉक्टरांना विचारूनच करायचं असतं.

मरतानाचं म्हणाल तर फ्रॉइडचे डॉक्टर मॅक्स शूर यांनी लिहून ठेवलंय. जबड्याचा कर्करोग १९२३ पासूनचा, तीसहून जास्त शस्त्रक्रिया झालेल्या. २१ सप्टेंबर १९३९ ला फ्रॉइडने शूर यांचा हात धरला, आता हा नुसता छळ आहे, याला काही अर्थ उरला नाही म्हणाला, आणि मुलगी ॲनाशी याबद्दल बोलायला सांगितलं. मग शूर यांनी वेदना थांबवणारं मॉर्फिन दिलं. २३ तारखेला तो गेला. देवाचं नाव यात कुठे आहे?

सिनेमा म्हणजे 'फ्रॉइड्स लास्ट सेशन', २०२३ चा, मार्क सेंट जर्मेनच्या नाटकावरून. त्यातली फ्रॉइड आणि लुईसची भेट कल्पनेतली. ऑक्सफर्डचा कुणी प्राध्यापक फ्रॉइडला भेटून गेला होता असं शेवटी पडद्यावर येतं, तेवढं मान्य. पण तो लुईसच होता याला पुरावा नाही. आणि सिनेमातही कुणी हार मानत नाही.

लुईस नास्तिकाचा आस्तिक झाला हे खरं, पण ते १९३१ पर्यंतच होऊन गेलं होतं, फ्रॉइड जाण्याच्या आठ वर्षं आधी.

गोळ्या मी परत बहिणीच्या हातात दिल्यात. मावशी, फॉरवर्ड ज्या ग्रुपवरून आला तिथे आता हेही टाक.