खुलासा : संग्रहालयशास्त्र फक्त इतिहासवाल्यांसाठी?

'म्युझिऑलॉजीला (म्हणजे संग्रहालयशास्त्राला) इतिहास किंवा पुरातत्त्वाचीच पदवी लागते आणि पुढे नोकरी म्हणजे गाइडची,' असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे. कोलकाता विद्यापीठ तर या विषयात एम.ए.बरोबर एम.एस्सी.ही देतं. विज्ञानाला दार बंद असतं, तर एम.एस्सी. कशाला दिली असती? मुंबईतच शिकायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदव्युत्तर पदविका आहे. प्रवेशाच्या अटी मात्र त्या-त्या संस्थेकडेच विचारा, फॉरवर्डवर विसंबू नका.

गाइडचं म्हणाल, तर संग्रहालयातली कामं त्यापलीकडची असतात; वस्तूवर नोंदणी क्रमांक घालायचं साधं कामच बघा. मडक्यावर थेट शाई लावत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर, तो वाळला की बारीक अक्षरात क्रमांक, वर पुन्हा थर. उद्या काढायचा झाला, तर अ‍ॅसिटोनने निघतो, मडक्याला ओरखडाही नाही. कागद-कापडावरचा उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत ठेवायचा, तेही यातच आलं. रसायनशास्त्राची मुलं इथे उपरी नाहीत, उलट हवीच असतात.

नोकरीच्या जागा कमी निघतात, ही तक्रार मात्र खरी आहे.