टोंगा ‘कधीच कोणाच्या अधीन नव्हता’ हे अर्धेच खरे आहे

दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगाच्या राज्याविषयी एक दावा पुन्हापुन्हा वाचायला मिळतो. टोंगा कधीही परकीयांच्या अधीन गेला नाही. 1900 साली राजाने ब्रिटनशी आपणहून मैत्रीचा करार केला. ब्रिटिशांनी अंतर्गत कारभारात हात घातला नाही. आणि मुळात काही गमावलेच नसल्यामुळे 1970 साली नवे काही मिळालेही नाही, असा तो दावा आहे. टोंगाविषयीच्या आदरातून तो केला जातो, आणि तो आदर मलाही वाटतो. पण या मांडणीत टोंगाच्या लोकांनी जे सोसले आणि ज्यासाठी ते झगडले, तेच पुसले जाते.

प्रथम ‘आपणहून’ या शब्दाविषयी. नोव्हेंबर 1899 मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी सामोआचा वाद मिटवताना जो करार केला, त्यात सामोआवरील हक्क सोडण्याच्या बदल्यात ब्रिटनला टोंगात मोकळीक मिळाली. त्या वाटाघाटीत टोंगाचा एकही प्रतिनिधी नव्हता. पुढच्याच वर्षी बेझिल थॉमसन हा ब्रिटिश अधिकारी टोंगाची राजधानी नुकुआलोफाला आला. राजा जॉर्ज तुपोऊ दुसरे यांनी संरक्षित राज्याच्या, म्हणजे ब्रिटनच्या छत्राखाली राहण्याच्या, कल्पनेला विरोध केला, मसुद्यावर घासाघीस केली आणि अखेर 18 मे 1900 रोजी सही केली. जमीन किंवा सार्वभौमत्वाचा कोणताही भाग देण्याबाबत परराष्ट्रांशी व्यवहार करण्याचा हक्क राजाने सोडला आणि परदेशी लोकांवरील खटले ब्रिटिश न्यायाधिकाराखाली गेले. राजासमोरची निवड फार अरुंद होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या सहीचा अर्थ लागत नाही. तरीही त्याने मसुदा जसाच्या तसा स्वीकारला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

दाव्यातील सर्वांत कच्चा भाग अंतर्गत कारभाराचा आहे. ब्रिटिश कौन्सलने, म्हणजे टोंगातील ब्रिटनच्या प्रतिनिधीने, ब्रिटिश प्रजाजन आणि परदेशी यांच्या हितसंबंधांखेरीज अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, असे कलम करारात खरोखर होते. मात्र ते पाच वर्षेही टिकले नाही. खजिन्याच्या गैरव्यवस्थेचे कारण पुढे करून पश्चिम प्रशांताचे ब्रिटिश उच्चायुक्त एव्हरार्ड इम थर्न टोंगात आले. त्यांनी पंतप्रधान सातेकी यांना फिजीला हद्दपार केले, आणि राजालाही सिंहासन गमावण्याची धमकी देऊन 1905 चा पूरक करार मान्य करायला लावले. यापुढे महत्त्वाच्या सर्व बाबींत कौन्सलचा सल्ला घ्यायचा आणि त्याप्रमाणे वागायचे, असे ठरले. आपल्याकडील संस्थानांच्या दरबारात रेसिडेंटचा ‘सल्ला’ किती वजनदार असे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कलमाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पंतप्रधानाला देशाबाहेर धाडण्याची ही पहिली वेळही नव्हती: 1890 साली, म्हणजे मूळ कराराच्याही आधी, माजी मिशनरी शर्ली बेकर यांना उच्चायुक्त जॉन थर्स्टन यांनी असेच दूर केले होते.

मग टोंगाला इतर वसाहतींच्या रांगेत बसवावे काय? तसेही नाही, आणि दाव्यातील खरा अंश इथे आहे. फिजी 1874 मध्ये ब्रिटिशांची वसाहत झाला, हवाई 1898 मध्ये अमेरिकेने आपल्यात विलीन केला, पण टोंगाचे सिंहासन, संसद आणि 1875 ची राज्यघटना टिकली. या टिकण्याचे श्रेय मात्र ब्रिटिशांच्या उदारतेला देणे मला मान्य नाही. आधीचे राजे जॉर्ज तुपोऊ पहिले यांनी राज्यघटनेतच जमिनीच्या विक्रीला बंदी घातली होती आणि पुढे करदात्या प्रौढ पुरुषाला शेतीसाठी सव्वाआठ एकर मिळण्याची तरतूद कायद्याने झाली. जमीन विकतच मिळत नसल्यामुळे गोऱ्या मळेवाल्यांचा मोठा वर्ग तिथे रुजू शकला नाही, आणि हवाईत राजसत्ता उलथवणाऱ्या गटासारखा गट टोंगात उभा राहिला नाही. 1918 ते 1965 राज्य केलेल्या राणी सालोटे यांना याच पायाचा आधार होता. अठराव्या वर्षी गादीवर आलेल्या या राणीने कौन्सलशी उघड संघर्ष टाळून आपला अधिकार हळूहळू भक्कम केला. 1958 च्या सुधारित कराराने ब्रिटिश देखरेख पुष्कळ सैल झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

राहिला प्रश्न 1970 चा. सत्तर वर्षे स्वतःच्या परराष्ट्र व्यवहारावर जे बंधन होते, ते 4 जून 1970 रोजी संपले आणि राजा तौफाआहाऊ तुपोऊ चौथे यांचे राज्य त्याच वर्षी राष्ट्रकुलाचे सदस्य झाले. टोंगाचे लोक या घटनेला राष्ट्रांच्या समुदायात पुन्हा प्रवेश असे म्हणतात, आणि ‘पुन्हा’ हा त्यातील नेमका शब्द आहे: आधी असलेले स्थान मध्यंतरी गेले होते, ही कबुली त्यात आहे. त्याच 4 जूनला तिथे मुक्तिदिन पाळला जातो. 1862 साली तुपोऊ पहिल्यांनी सरदारांच्या वेठबिगारीतून सामान्य लोकांना मुक्त केले, त्याचीही आठवण त्या दिवसाशी जोडलेली आहे.