‘होज बनवणाऱ्याने हवाई दलाला शिकवू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

हवाई दलातून निवृत्त होऊन आता ऐरोलीत असता, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून ‘काका’. ‘सर’ म्हटलं असतं तर आणखी चिडला असता, अशी आपली माझी शंका.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. उडत्या विमानात इंधन भरताना होणारे अपघात ‘पायलटची चूक’ या खात्यात टाकून मोकळं होऊ नये, असं मी म्हटलं होतं. चूक होणारच; ती झाली तरी दोन्ही विमानं घरी येतील अशी जोडणी हवी. त्यावर काकांचं म्हणणं असं की हा सगळा सरावाचा आणि शिस्तीचा मामला आहे. आपली मुलं २००३पासून आयएल-७८ टँकर विमानाच्या मागे जाऊन हातानेच त्याच्या होजच्या टोपलीत प्रोब, म्हणजे आपल्या विमानाची इंधन घ्यायची नळी, घालतायत, त्यांचं कॅमेऱ्यावाचून आणि कॉम्प्युटरवाचून काही अडलं नाही. अमेरिकेने टँकरची खिडकी काढून कॅमेरे लावले आणि त्यांच्या नव्या केसी-४६ टँकरची काय शोभा झाली ती जगाने पाहिली. आणि शेवटचं वाक्य, ‘रबाळ्यात होज पाइप बनवणाऱ्याने हवाई दलाला शिकवू नये.’

हे वाक्य मी शॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या फोरमनला ते इतकं आवडलं की आता मला त्याच नावाने हाक मारतो. फक्त एक दुरुस्ती, आम्ही होज बनवत नाही. होजच्या मध्ये बसतं ते ब्रेकअवे कपलिंग बनवतो. आणि माझा सगळा मुद्दा त्या कपलिंगमधूनच येतो, त्यामुळे जरा तिथेच थांबतो.

इंधनाच्या टर्मिनलवर टँकर लॉरी भरून होते, ड्रायव्हर होज न काढताच गाडी काढतो. हे होतं. कुठल्याही डेपोत विचारा, कोणी ना कोणी हसून किस्सा सांगेल. होज तुटला तर डिझेल रस्त्यावर, आणि त्यानंतर ठिणगी पडली नाही तर ते नशीब. म्हणून होजच्या मध्ये आमचं कपलिंग. त्याचे दोन अर्धे तीन बोल्टांनी धरलेले असतात आणि प्रत्येक बोल्टची मान लेथवर मुद्दाम बारीक केलेली असते. टेस्ट बेंचवर जॅकने ओढायला लागलं की गेजचा काटा चढत जातो, ठरलेल्या आकड्याच्या आसपास पोचतो आणि तिन्ही माना एकदम तुटतात. आवाज असा येतो की नवीन पोरगं हमखास दचकतं. त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या झडपा स्प्रिंगने मिटतात. खालच्या ट्रेमध्ये जेमतेम चहाच्या कपाएवढं तेल.

यातली खरी डोकेदुखी बोल्ट तुटण्याची नसते, तो आकडा ठरवण्याची असते. मान फार बारीक ठेवली तर होजला जरा हिसका बसला की कपलिंग सुटतं. मग टर्मिनलवाले वैतागतात. एका गिऱ्हाइकाकडे असंच झालं. दोनदा विनाकारण सुटलं म्हणून तिथल्या सुपरवायझरने आमचे बोल्ट काढून बाजारातले ८.८ ग्रेडचे हाय टेन्साइल टाकले. मजबूत! पुढच्या वेळी गाडी निघाली तेव्हा कपलिंग शाबूत राहिलं आणि लॉरी भरायचा लोखंडी पाइप, लोडिंग आर्म, तोच मुळापासून वाकला. आम्ही गेलो तेव्हा त्यांचं म्हणणं काय, तर ‘ड्रायव्हरला शिस्त लावायला पाहिजे.’ काका, तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तो माणूस आठवला, त्याला माझा इलाज नाही.

आता वर, आकाशात. तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. टँकरच्या पॉडमधून, म्हणजे होज गुंडाळून ठेवलेल्या डब्यातून, लांबलचक होज सुटतो, त्याच्या टोकाला टोपली. मागचं विमान आपला प्रोब घेऊन तिच्यात शिरतं. तेजसने २०१८च्या सप्टेंबरमध्ये आयएल-७८कडून पहिल्यांदा इंधन घेतलं तेव्हा उंची होती २०,००० फूट, वेग २७० नॉट, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. पण टोपलीच्या दिशेने सरकायचं ते दोन ते पाच नॉटने, माणूस चालतो त्या वेगाने. त्याहून हळू गेलं तर खटका बसत नाही. जोरात गेलं तर होज ढिला पडतो. अंगणात दोरीचं एक टोक झटकलं की लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते, तशी लाट त्या होजमधून पळते आणि परत येऊन प्रोबवर आदळते. हे होऊ नये म्हणून पॉडमधला ड्रम ढिला पडलेला होज लगेच गुंडाळून घेतो. ड्रम वेळेवर फिरला नाही तर पायलट कितीही पट्टीचा असो, लाट यायची ती येतेच. आणि लाट आलीच तर? प्रोबचं टोक ठरलेल्या जागी तुटावं, अशी त्यात मुद्दाम कमजोर ठेवलेली जागा असते. टोक टोपलीत राहतं, त्या दिवसापुरता तो होज बाद, आणि विमान उपाशी पण सलामत परततं. प्रोब सुटला की टोपलीतली झडप आपोआप मिटते. तेही नाही जमलं तर होजच कापून टाकायची सोय.

बघा, हे सगळं जोडण्यासाठी नाहीये. सुटण्यासाठी आहे. हवेत इंधन भरण्याची सुरक्षितता म्हणजे नीट सुटण्याची सोय, एवढंच मला म्हणायचं होतं आणि आहे. पहिल्यापासून रडगाणं तेच. १९२३च्या जूनमध्ये सॅन दिएगोत वरच्या विमानातून होज लोंबकळत सोडून खालच्यात इंधन भरण्याचा पहिला प्रयोग यशस्वी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेक्सासच्या केली फील्डवर प्रात्यक्षिक चालू असताना होज विमानांच्या पंखांत गुंतला आणि टँकरचा पायलट गेला.

तुम्ही शिस्तीचं उदाहरण म्हणून स्ट्रॅटेजिक एअर कमांड, म्हणजे अमेरिकेची अणुबॉम्बवाहू विमानं सांभाळणारी शाखा, दिलंत. त्यांच्याइतकी शिस्त आणि सराव क्वचितच कुठे असेल, हे खरंच. १७ जानेवारी १९६६ला त्यांचंच बी-५२, स्पेनमधल्या पालोमारेसच्या वर ३१,००० फुटांवर, केसी-१३५ टँकरच्या मागे जरा जास्त वेगाने गेलं. इथे होज नसतो; टँकरच्या शेपटाकडची लांब कडक नळी, म्हणजे बूम, टँकरमधला ऑपरेटर मागच्या विमानात घालतो. तो बूम बी-५२च्या धडावर आदळला, दोन्ही विमानं कोसळली, सात जण गेले. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रातून काढायला जवळजवळ ऐंशी दिवस लागले. बी-५२मधून वाचलेल्या वैमानिकाने नंतर जे सांगितलं ते मला त्या बॉम्बपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. विमान धोकादायक जवळ आलं तर बूम ऑपरेटरने ‘ब्रेकअवे’ ओरडायचं, ही पद्धत होती. ओरड आली नाही, म्हणून यांना धोका वाटला नाही. म्हणजे दोन अजस्र विमानं आणि चार अणुबॉम्ब, आणि मधला अडसर कोणता, तर एका माणसाने वेळेवर ओरडणं.

ती ओरड आजही आहे, असलीच पाहिजे. ती आली की टँकरने वेग वाढवून वर जायचं, मागच्याने पॉवर कमी करून खाली. पण ती एकटी नको. बूम ठरलेल्या कोनाबाहेर किंवा लांबीबाहेर गेला की जोडणी आपोआप सुटते, ऑपरेटरच्या बोटाची वाट न बघता. याला मी रचना म्हणतो, तुम्ही लाड म्हणता.

शिस्तीबद्दल अजून एक. डिसेंबर २०१८ला जपानच्या किनाऱ्यापलीकडे, मध्यरात्रीनंतर, अमेरिकन मरीनच्या एफ/ए-१८ लढाऊ विमानाची केसी-१३०जे टँकरशी टक्कर झाली. सहा माणसं गेली. इंधन भरून झालं होतं; दूर होताना अंधारात एफ/ए-१८ टँकरच्या अंगावर सरकत गेलं. पहिल्या चौकशीने बोट दाखवलं ते वैमानिकांकडे आणि स्क्वॉड्रनच्या बेशिस्तीकडे. नंतर फेरतपासणी झाली तेव्हा निघालं की पहिल्या अहवालातच चुका आहेत, आणि २०१६ला ओकिनावाजवळ अशाच एका टकरीची धड चौकशीच झाली नव्हती. ‘शिस्त’ हे उत्तर हाताशी असलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, ही माझी त्या शब्दाबद्दलची तक्रार.

आता केसी-४६. इथे तुमचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. केसी-१३५मध्ये ऑपरेटर शेपटाकडे पालथा पडून खिडकीतून बूम डोळ्यांनी बघतो. केसी-४६मध्ये त्याला पुढे आणून पडद्यासमोर बसवलं, थ्रीडी चष्मा दिला. ऊन तिरकं आलं की चित्र फिकं पडे, अंतराचा अंदाज चुके, आणि बूम समोरच्या विमानाला घासला तरी ऑपरेटरला पत्ता नसे. रडारला चकवणाऱ्या स्टेल्थ विमानाच्या लेपाला बूम घासणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. यंत्रणा नव्याने करून द्यायचं २०२०मध्ये ठरलं आणि तेव्हापासून तारीख पुढे सरकतेच आहे.

पण दोष कॅमेऱ्याचा? एअरबसच्या ए-३३० एमआरटीटी या टँकरमध्येही ऑपरेटर पुढेच बसतो, पडद्यावरच बघतो, आणि ते विमान कितीतरी देशांत रोज काम करतंय. तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०११मध्ये चाचणीत पोर्तुगीज एफ-१६शी जोडलेला असताना त्यांचा बूमच तुटून समुद्रात पडला होता. सांगायचं एवढंच की कॅमेरा चांगला असतो किंवा वाईट असतो, खिडकीसारखाच.

केसी-४६ची मला जास्त बोलकी वाटणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. त्याचा बूम ताठ होता. जोडल्यावर मागचं विमान पुढेमागे सरकतं तसा बूम आतबाहेर व्हायला हवा, पण हा हलायला बरंच बळ मागे. ए-१० हे कमी ताकदीचं विमान, त्याला तो ढकलताच येईना. कंपनीने बूम आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसारच केला होता. शेवटी अमेरिकी हवाई दलाने अट बदलली आणि बदलाचे पैसेही मोजले. पुढे २०२२मध्ये एफ-१५शी जोडलेला असताना बूमच्या टोकाचं नोझल आत अडकलं, आणि सुटलं तेव्हा बूम उसळून टँकरच्याच शेपटीखाली आदळला. काका, हा कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. किती जोराला सुटायचं, याचा आकडा जुळला नाही. आमच्या बेंचवर रोज भांडण होतं ते याच आकड्यावरून, फक्त आमच्याकडे मागे एफ-१५ नसतं.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. मी कुठेही पायलटला घरी बसवा म्हटलेलं नाही. एमआरटीटीवर आता बूम स्वतःच मागच्या विमानाचं इंधन घ्यायचं तोंड कॅमेऱ्याने शोधून तिथे जातो, ऑपरेटर नुसता लक्ष ठेवतो. दिवसाउजेडी वापरायला २०२२च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. रात्रीचं नंतर बघू म्हणाले, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं. मागच्या विमानात काही नवीन बसवावं लागत नाही, हेही चांगलं. थकलेल्या माणसाचा हात पाचव्या विमानाला कापतो, कॉम्प्युटरचा कापत नाही. पण न शिकवलेलं काही समोर आलं तर कॉम्प्युटर गोंधळतो आणि माणूस हात मागे घेतो. म्हणून मला दोघंही हवेत, आणि दोघंही चुकले तर कपलिंग.

तुम्ही म्हणता तेजसच्या पायलटने कुठल्या मदतीशिवाय केलं. केलंच, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्या इंधनाआधीची उड्डाणं आठवा. तेव्हा नुसता टोपलीत प्रोब घालून बाहेर काढायचा होता, इंधनाचा थेंबही नाही. सुटता येतं हे आधी पाहिलं, मग भरलं. ते कोणी ठरवलं असेल? तुमच्या-माझ्यासारख्या जमिनीवरच्या माणसांनीच.

शेवटी तुम्ही विचारलंय की भारताने पुढचा टँकर घेताना होज घ्यावा की बूम. खरं सांगू, हा प्रश्न मागच्या लेखात यायला हवा असं इतरही दोघातिघांनी कळवलंय. सुखोई, मिराज, राफेल, तेजस, सगळे प्रोबवाले. राफेल २०२०मध्ये फ्रान्सहून आले तेव्हाही वाटेत एमआरटीटीच्या होजवरच भरले. पण आपली मालवाहू सी-१७ आणि नौदलाची टेहळणीची पी-८आय ही बूमची विमानं. आयएल-७८ त्यांना एक लिटरही देऊ शकत नाही. त्यामुळे दोन्ही असलेलं विमान घ्यावं, असं माझं मत. आणि विकणाऱ्याकडून मिनिटाला किती गॅलन हे विचारण्याआधी सुटण्याच्या चाचण्यांचे कागद मागवावेत. किती बळाला सुटतं, कोणत्या कोनात सुटतं, अडकलं तर काय तुटतं आणि तुटलेला तुकडा कुठे जातो. ते कागद वाचायला तुमच्यासारखा टोपलीमागे वर्षं काढलेला माणूस बसवावा, आणि शेजारी एखादा होज पाइपवालाही चालेल.