उलटा के, सरळ के

परदेशातली सॉफ्टबॉल स्पर्धा खेळून पोरगी परतली, चौकात फ्लेक्स लागला, फ्लेक्सवर तिच्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. पार्क चौकातल्या कट्ट्याला आठवडाभराचं खाद्य मिळालं.

पहिला घास अर्थातच मालकांचा. सोलापुरात तसे सगळेच मालक, पण हे जरा जास्तच. क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचे कार्यक्रम, असं त्यांचं मत.

"सात इनिंगची मॅच चार इनिंगला बंद केली म्हणे. एवढ्यासाठी विमानात बसली व्हय?"

"दहा रनचा फरक पडला की चौथ्यानंतर थांबवतात," मास्तर चहा फुंकत म्हणाले. "तिसऱ्यानंतर पंधरा, पाचव्यानंतर सात. नियम आहे बे तो." मास्तर स्कोअरर. लग्नपत्रिकेतसुद्धा पेन्सिलने चुका काढतात.

"आणि टाकतात पण खालून. बायकांचा खेळ."

ताईंनी स्कूटी स्टँडला लावली. सकाळी मैदानावर पोरींना शिकवतात, संध्याकाळी चहापुरत्या थांबतात. मालकांना हे ठाऊक असतं, तरी दर वेळी त्या आल्यावरच त्यांच्या तोंडून असं काहीतरी निघतं.

"२००८ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले. खालूनच. तुमच्या भाषेत जवळजवळ ६९ ओव्हर होतात, मालक."

मालक बोटं मोजायला लागले.

"आणि १३ वर्षांनी टोकियोच्या फायनलला परत तीच, वय ३९. सहाव्या इनिंगला तिच्या जागी चेंडू टाकायला गोतो आली, सातव्याला पुन्हा उएनो. अमेरिकेवर २-०. सुरुवातीच्या टीममधल्या खेळाडूला बाहेर काढून एकदा परत आणता येतं."

"हे बरंय की! आउट झालं तरी परत?"

"आउटचा काय संबंध बे," मास्तर म्हणाले. "तू गल्लीत आउट होऊन परत यायचास, तेव्हा कुठला नियम होता?"

इथे दहा मिनिटं जुनं प्रकरण निघालं: बॅट कुणाची, चेंडू कुणाच्या गच्चीवर, काचेचे पैसे कुणी दिले. ते सगळ्यांना पाठ आहे.

बाबूने गाडी रुळावर आणली. कॉलेजचा पोरगा, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "पण ताई, नॅशनलला आपल्या पोरी एवढं मारतात, मग तिकडे बॅटला चेंडूच का लागत नाही?"

"वेळ. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. तिच्या पट्टीपासून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी राहते ती जागा, ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पिचर झेप घेऊन सोडते, त्यामुळे चेंडूला उरतात साधारण ११ मीटर. वेग ताशी शंभर किलोमीटरचा धर. ०.४ सेकंद. बावीस यार्डांवर १४०ने टाकणाऱ्याला खेळताना मिळतो, तेवढाच किंवा कमीच. इथे आपल्या पोरींना रोज ८०चा चेंडू दिसतो. तिकडे पहिल्या मॅचला डोळ्यांनी बघेपर्यंत तो मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये."

"टप्पा तर पडत नाही! फुलटॉस की हो!"

"राइझ बॉल बघा एकदा. कमरेच्या खालून सुटतो, उलटा फिरत येतो, त्यामुळे डोळ्याला वाटतो तेवढा खाली पडत नाही. बॅट खालून जाते, चेंडू वरून. पुढचा तसाच हात फिरवून चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू, तो येतच नाही. तुम्ही दोनदा फिरवून बसाल."

उपायही त्यांनीच सांगितला. पिचरला ३५ फुटांवर आणायचं. तिथून ८०चा चेंडू ४३वरच्या शंभराएवढ्या घाईत येतो. वेळेची सवय होते, फिरकीची मात्र होत नाही. ती टाकणारा हातच लागतो, आणि तो बघायला बाहेर जावं लागतं.

"मैदानाचं पण सांगा," मास्तर म्हणाले.

"आपला मुरूम. बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता नुसती लावली, की चेंडू टणटणत तिसऱ्या बेसवालीच्या हातात जातो, म्हणून ती मागे उभी राहायला शिकते. तिकडच्या ओल्या मातीत तोच बंट दोन पावलांवर मरतो. ती मागून धावत येईस्तोवर डावखुरी बॅटर पहिल्या बेसवर. ६० फूट, तीन सेकंदांच्या आत. पहिल्या मॅचचे निम्मे रन असेच गेले."

मालकांनी ठेवणीतलं काढलं. "सगळं त्या पाच टक्क्यांसाठी. खेळाडूंचं नोकरीतलं आरक्षण!"

"मग मिळू द्या की. कॅचरचा किट आणि बॅटा चेक-इनमध्ये, वजन वाढलं म्हणून कपडे काढून ठेवले, आणि उरलेल्या जागेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. असं करून कमावलेली नोकरी तुमच्या भाच्याच्या नोकरीपेक्षा स्वच्छ असेल."

भाच्याचा विषय मालकांनी टाळला. आम्हीही टाळला, कारण तेव्हाचे पेढे सगळ्यांनी खाल्लेत.

मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पोरीकडून सगळं विचारून त्यांनी स्वतः स्कोअर मांडला होता. "हे बघ. पहिली मॅच, उलटा के. के म्हणजे तीन स्ट्राइक झाले, उलटा म्हणजे तिसरा नुसता बघत राहिली. दुसरी मॅच, सरळ के. बॅट फिरवून चुकली. तिसरी मॅच, परत के, पण कॅचरच्या हातून चेंडू सुटला, पहिला बेस रिकामा होता, ही पळाली, सेफ. चौथी मॅच, बंटवर सिंगल."

कागद हातोहात फिरला. मालकांनी चष्मा लावून पाहिला. "तीन के आणि एक सिंगल. नापासच की."

"पेपर वाचता येतोय का बे तुला?" मास्तर म्हणाले.

बाबू म्हणाला, "२०२८ला ऑलिंपिकमध्ये आहे ना सॉफ्टबॉल?"

"आहे. सहाच टीम. ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आणि सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीला."

"म्हणजे गड्ड्याची जत्रा सोलापुरात आणि पाळणा नागपुरात," मालक खुश झाले. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव बरा विनोद, म्हणून नोंदवतोय. "पण ताई, ०.४ सेकंद वगैरे काय पटत नाही. आम्ही उभे राहिलो तर बघू की."

ताईंनी पिशवीतून पिवळा चेंडू काढला. पानपट्टीपासून पावलं मोजली, मालकांना दुसऱ्या टोकाला उभं केलं. मालकांनी छत्री बॅटसारखी धरली. ताईंचा हात वरून पूर्ण चक्र घेऊन मांडीपाशी आला, पाऊल आपटलं, आणि मालक डोळे मिटून खाली बसले. छत्री उघडली ती वेगळीच.

चेंडू ताईंच्या हातातच होता.

बाबूचा चहा सांडला. पानपट्टीवाला काउंटरवर आडवा झाला. मालकांनी एक डोळा उघडला.

"स्ट्राइक होता काय बे?"

मास्तरांनी कागद उलटा करून पेन्सिलीने मोठ्ठा उलटा के काढला.