"चिकटवून टाकूया की" म्हणणाऱ्यांनो, हात मागे घ्या

मी हातानं केलेलं रेल्वे इंजिनाचं मॉडेल पडलं ते पडलं. त्याचा राग आता उरलेला नाही. राग आहे तो पडल्यानंतरच्या वीस मिनिटांचा, आणि तो इथं ओकून टाकल्याशिवाय मला आज झोप लागायची नाही.

गणपतीचा दुसरा दिवस. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं, एकामागं एक खोल्या. देवाच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना माझी मॉडेल रेल्वेची खोली लागते. तिथं चार फूट उंच टेबलावर मी गोव्याच्या वाटेवरची लोंढा, कॅसलरॉक ही स्टेशनं आणि पुढचा घाट उभा केलाय, एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. काळ मीटरगेजचा, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज व्हायच्या आधीचा. बाबा लोंढ्याला रेल्वेत होते. वायडीएम-४, म्हणजे मीटरगेजचं डिझेल इंजिन, मी पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या खांद्यावर बसून. तेच इंजिन मी केलं होतं. १२ मिलिमीटर रुळावर चालणारी चेसिस, म्हणजे चाकं-मोटरसकट खालचा सांगाडा, बाहेरून मागवली, आणि वरचं सगळं हातानं: स्टायरीन प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून बॉडी, ०.४ मिलिमीटरच्या पितळी तारेचे कठडे, एकेक जोड सोल्डर करून. चौदा महिने गेले त्यात. रात्री दहानंतरचे चौदा महिने, कारण दिवसा नोकरी.

दाजींनी ते कठड्याला धरून उचललं. एका हातात इंजिन, दुसऱ्या हातात चहा. विचारलं नाही. मी "दाजी, राहू द्या" म्हणेपर्यंत कठडा वाकला, इंजिन निसटलं आणि शहाबादी फरशीवर गेलं.

चार फुटांवरून पडायला अर्धा सेकंद लागतो आणि आदळताना वेग ताशी १७ किलोमीटरच्या वर असतो. त्यात घाटातला ३७ला १ चा (३७ फूट पुढं, एक फूट वर) चढ डबे ओढत चढावा म्हणून मी त्याच्या पोटात शिसं भरलेलं. रिकामा डबा पडला तर उसळतो, फार तर डबे जोडणारा एखादा कपलर जातो. जड इंजिन उसळत नाही. बॉडी फरशीला थांबते, आतलं वजन थांबत नाही, ते आपल्याच बॉडीला आतून हाणतं. कॅबचा कोपरा उडाला, पुढची बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा संच, खोबणीतून निघाली, मोटरची एक तार तुटली, दोन कठडे गेले.

आणि तरीही, हे नीट वाचा, तरीही ते दुरुस्त होण्यासारखं होतं. स्टायरीन तडकलं की तुटलेल्या दोन्ही कडा एकमेकींत अचूक बसतात. त्या कडा स्वच्छ असल्या की जोड धरायचा, ब्रशच्या टोकानं पातळ सॉल्व्हंट सिमेंट टेकवायचं, ते आपोआप फटीत ओढलं जातं, प्लास्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे मिसळून एक होतात. चिकटत नाहीत, एक होतात. रंगाचा हात फिरवला की भेग शोधून सापडत नाही. माझं एक रविवारचं काम होतं ते.

फक्त कुणी हात लावायचा नव्हता.

"एवढं काय त्यात? चिकटवून टाकूया की," म्हणत दाजींनी टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून सुपरग्लूची ट्यूब काढली. मी तोवर खाली गुडघ्यावर बसून बॅटरी फरशीला आडवी धरून तुकडे शोधत होतो. उजेड आडवा पडला की मोहरीएवढ्या तुकड्याचीसुद्धा सावली लांब पडते, तेवढा एकच मार्ग असतो. मान वर केली तर कोपरा बसवून झालेला. तिरका. अर्धा मिलिमीटर तिरका, म्हणजे खऱ्या इंजिनावर चार-साडेचार सेंटिमीटर. गोंद ओघळून खाली धुरीवर गेलेला, पुढची चाकं जाम. आणि कॅबच्या काचांवर पांढरी धूळ चढायला लागलेली. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसते, पारदर्शक प्लास्टिकवर तर हमखास. त्या चार काचा मी भिंगाखाली कापल्या होत्या.

वर आणखी एक दुर्दैव. तो गोंद अ‍ॅसिटोननं सुटतो, पण अ‍ॅसिटोन स्टायरीनही विरघळवतं. म्हणजे गोंद काढायला जावं तर इंजिनच जायचं.

तेवढ्यात चुलतभावानं "चालतंय का बघूया" म्हणून ते रुळावर ठेवून वीज सोडली. अरे, पडलेल्या इंजिनाला वीज द्यायची नसते! आधी बॉडी काढायची, सुटलेल्या तारा बघायच्या, मीटरनं शॉर्ट आहे का तपासायचं, चाकं हातानं फिरवून बघायची. तुटलेली तार धातूच्या चेसिसला टेकली होती. चर्र झालं, जळका वास आला, डीकोडर, म्हणजे इंजिन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला. पडून न मोडलेली सगळ्यात महागाची वस्तू ती होती. ती माणसानं मोडली.

आणि काकूंनी केर काढला. "पायात काहीतरी टोचतंय" म्हणून सरळ झाडू फिरवला. हॉर्न, एक वायपर, कठड्याचा खांब, सगळं फुलांच्या निर्माल्याबरोबर आणि दुर्वांच्या काड्यांबरोबर पिशवीत. ती पिशवी मी रात्री अंगणात उलटी केली. खांब मिळाला. हॉर्न नाही.

मी तोंड उघडलं तर ताई म्हणते, "सणासुदीला तोंड कशाला पाडतोस? खेळणंच तर आहे."

खेळणं. या एका शब्दानं माझं डोकं फिरतं. दाजी स्वतः उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत. त्यांच्या शॉपमध्ये मोजून ठेवलेल्या जॉबला कुणी चहाच्या हातानं शिवलं तर ते काय बोलतात, हे मी कानांनी ऐकलंय. तिथं मिलिमीटरचा शंभरावा भाग कमी-जास्त झाला तर जॉब रिजेक्ट. मग माझ्या टेबलावर मापं नसतात काय? चाकांमधलं अंतर केसभर सरकलं की इंजिन प्रत्येक पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथं, रूळ सोडतं. ते अंतर मी व्हर्नियरनं मोजतो, त्यांच्यासारख्याच व्हर्नियरनं. पगार मिळाला तर ते काम, आणि स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या झोपेतून केलं तर ते खेळणं? कुठला न्याय हा?

त्या घरभर माणसांत शहाण्यासारखं वागला तो एकटा माझा भाचा. नऊ वर्षांचा. सगळे आरतीला गेल्यावर तो आला, मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर पितळी कठड्याचा तुकडा. "मामा, हे पाटाखाली गेलं होतं. मी वाकवलं नाही हं." त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी त्याला "जा, बाहेर खेळ" म्हणून हाकलला होता, आणि मोडतोड स्वतः केली.

इंजिन त्या रात्री डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, नारळाच्या खोबऱ्याशेजारी. सुपरग्लू गार पडला की ठिसूळ होतो. सकाळी नखानं दाब दिल्यावर कोपरा टक् करून सुटला. पण कडांवर गोंदाची साय राहिलीच. त्यावर सॉल्व्हंट धरत नाही, खरवडावं तर कडा एकमेकींत बसत नाहीत. शेवटी अर्धा मिलिमीटरची भोकं पाडून आतून तारेच्या खिळ्या घातल्या, वरून पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा रंग. भेग दिसते. उजेडात दिसतेच. जी दिसायचं काही कारण नव्हतं ती भेग.

काल दाजींचा फोन. "तसलंच दुसरं आणून देतो की, किती रुपये सांग." माणूस मनानं वाईट नाही, हे मला कळतं. पण तसलं दुसरं नाही, दाजी. कुठल्या दुकानात नाही. आणि मी पैसे मागितलेच कधी? त्या दिवशी "चुकलं माझं, तू सांग काय करू" एवढं म्हणून कप खाली ठेवला असता तर मी तुम्हाला बॅटरी दिली असती, आणि दोघांनी मिळून हॉर्न शोधला असता.

टेबलाच्या कडेला आता सहा इंच उंच अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावलीय, सुट्टी इंजिनं फोमच्या खाचांत, दाराला कडी. दिवाळीला सगळे येणार आहेत. कडी निघणार नाही. भाच्याला हवं तर खिडकीतून हाक मारू दे, त्याला मी आत घेईन.