बाजूचे दांडे खरोखर काय काम करतात : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वाफेच्या इंजिनावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ओढण्याचे काम एकट्या कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे दट्ट्याचा (पिस्टनचा) जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे असून चाकांना एकमेकांशी जोडणारा कपलिंग रॉड केवळ चाके एका लयीत ठेवतो, त्यातून शक्ती जात नाही, हा पहिला. आणि शेजारशेजारच्या चाकांच्या क्रँक पिनांमध्ये (चाकाच्या मध्यापासून दूर बसवलेल्या, दांडे जोडण्याच्या खुंट्यांमध्ये) ९० अंशांचा फरक असतो हे माझे विधान चुकीचे आहे, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. एका बाजूच्या सर्व क्रँक पिना एकाच कोनात असाव्या लागतात, नाहीतर कपलिंग रॉड जोडूनही चाके फिरणारच नाहीत. ९० अंशांचा फरक असतो तो एकाच अक्षाच्या (ॲक्सलच्या) डाव्या आणि उजव्या पिनेत. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पहिला आक्षेप मात्र हिशेबाला उतरत नाही. मालगाड्यांसाठी १९५० पासून आपल्याकडे आलेले डब्ल्यूजी जातीचे ब्रॉडगेज इंजिन घ्या. त्याला चार चालक अक्ष, म्हणजे इंजिनाच्या जोराने फिरणारे अक्ष होते, प्रत्येकावर ढोबळमानाने १८ टन भार होता, आणि गाडी हलवताना त्याची ओढ सुमारे १७.६ टन धरली जाई. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड त्यावरील भाराच्या साधारण पाव हिश्श्याइतकी असते. म्हणजे एक अक्ष रुळावर साडेचार टनांच्या आसपास जोर लावू शकतो, त्यापुढे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. कनेक्टिंग रॉड एकाच अक्षाला जोडलेला असतो. मग उरलेला जवळजवळ तीन चतुर्थांश जोर रुळापर्यंत पोहोचतो कोणत्या वाटेने? कपलिंग रॉडखेरीज दुसरी वाटच नाही. सपाटीवर हलकी गाडी धावत असताना या दांड्यावरचा ताण कमी असतो हे खरे, आणि आपला समज कदाचित तेथूनच झाला असावा; पण चढावर किंवा भरलेली मालगाडी हलवताना सगळी मदार त्याच्यावर असते.

आपण नागपुरातच राहता असे लिहिले आहे, म्हणून एक विनंती करतो. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभ्या असलेल्या वाफेच्या इंजिनाच्या एका बाजूची क्रँक पिन कोठे आहे ते नीट पाहावे, आणि मग वळसा घालून दुसऱ्या बाजूची पाहावी. पाव फेऱ्याचा तो फरक डोळ्यांनी पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचला की तेथील दांडा आणि पिन एका सरळ रेषेत येतात आणि वाफेने कितीही ढकलले तरी चाक फिरत नाही. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचा दट्ट्या आपल्या धावेच्या मध्याजवळ, म्हणजे सर्वांत चांगल्या पकडीत असतो. कपलिंग रॉडलाही हेच लागू आहे. एकाच बाजूला दांडा असता, तर पिना रेषेत आल्यावर मागचे चाक उलट दिशेला वळण्याचा धोका राहिला असता. दुसऱ्या बाजूचा दांडा तो टाळतो. मला स्वतःला यंत्ररचनेतील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

केवळ लय राखण्यासाठी एवढा जाड पोलादी दांडा कोणी बनवला नसता, कारण त्याच्या वजनाची किंमत मोजावी लागते. डब्ल्यूपी या प्रवासी इंजिनाचे चालक चाक १७०५ मिलिमीटर व्यासाचे होते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला पाचाहून अधिक फेरे घेई, आणि प्रत्येक फेऱ्यात हे सगळे दांडे वरखाली होत. त्यांचा तोल साधण्यासाठी चाकात पिनेच्या समोरच्या बाजूला अर्धचंद्राकृती वजन भरावे लागते. दट्ट्याच्या मागेपुढे होण्याचा तोल साधायला त्यात जी भर घातलेली असते, ती मात्र दर फेऱ्याला रुळावर ठोका देते.

शिवाय हे दांडे वाफेपुरते मर्यादितही नव्हते. मुंबई-पुणे घाटात राबलेल्या, ‘खेकडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत इंजिनातही मोटरींची शक्ती दांड्यांनीच चाकांपर्यंत नेली जाई. याउलट आपल्या नागपुरातील अजनीच्या शेडमधील डब्ल्यूएजी-९ या विद्युत इंजिनाच्या सहा अक्षांना सहा स्वतंत्र मोटरी असतात आणि प्रत्येक मोटर दातेरी चाकांनी आपला अक्ष फिरवते, म्हणून तेथे बाजूला दांडा दिसत नाही.