मनगटावरच्या गाठीवर पुस्तक मारू नका

हात खाली वाकवला की मनगटाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ वर यायची. सरळ केला की जवळजवळ दिसेनाशी व्हायची. तीन महिने मी ती कुणालाच दाखवली नाही, कारण गाठ म्हटलं की मनात कॅन्सरच येतो. शेवटी घरात सांगितलं, तर दोघांनी एकच उपाय सुचवला: जाडजूड पुस्तक घे आणि जोरात हाण, फुटून जाईल.

कृपा करून असलं काही करू नका. फटक्याने गाठ कधीकधी बसते, म्हणूनच हा उपाय टिकून आहे. पण मार हाडांना आणि नसांनाही लागतो, आणि गाठ पुन्हा भरू शकते.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला आणि गाठीला टॉर्च टेकवला. गाठ आतून लालसर उजळली. आत घट्ट मांस नव्हतं, जेलीसारखा चिकट द्रव होता. गँगलियन! हाता-मनगटावर सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच. सांध्याच्या किंवा कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून देठावर फुग्यासारखी येते, लहानमोठी होत राहते, पुष्कळदा आपोआप जिरते. सुईने द्रव काढला तरी देठ आतच राहतो, म्हणून ती परत येऊ शकते. अंगठ्याच्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे असेल, तर अगदी खेटून धमनी जाते. तिथे दाबादाबी नकोच.

पण "मलाही तशीच होती, काही नसतं" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. माझ्या आईच्या नखांजवळच्या सांध्यांवर टणक उंचवटे आहेत, ते सांध्यांच्या झिजेचे. तळहातात अनामिकेच्या रेषेत कडक गाठ येऊन बोट हळूहळू आत वळू लागलं, तर तो दुपुइत्रांचा आजार असू शकतो. गाऊटमध्ये (रक्तात युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीत) युरिक ॲसिडचे खडूसारखे साठे गाठीसारखे दिसतात, काटा रुतल्यावर महिन्यांनी त्वचेखाली गाठ धरते. नखाखाली जेमतेम दिसणारी ग्लोमसची (बारीक रक्तवाहिन्यांपाशी होणारी) गाठ तर गार पाण्यात हात घातला की जीवघेणी कळ देते. तिचं निदान व्हायला अनेकांना फार उशीर होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हातात कर्करोगाची गाठ क्वचितच होते. तरी टणक असेल, भराभर वाढत असेल, बोटं बधिर पडत असतील, तर त्याच आठवड्यात दाखवा.

माझी दुखत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तशीच ठेवली आहे. गेल्या महिन्यापासून ती थोडी बसल्यासारखी वाटते.